आमदारांची समिती आमच्या दवाखान्यात

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली की पगारापेक्षा किस्सेच जास्त साठतात! पण आमदारांची समिती पाहणीला आली, त्या एका दिवसाने तर कमालच केली.

आमचं आरोग्य केंद्र मावळात, भाजे गावाच्या अलीकडे. आमची जुनी रुग्णवाहिका सेल्फवर सुरूच व्हायची नाही, म्हणून ड्रायव्हर दत्ताभाऊ ती कायम उतारावर लावायचे. नव्या गाडीची शिफारस ही समितीच करणार होती. आणि वरून निरोप काय? "एकही तक्रार नको. सगळं छान दिसलं पाहिजे!"

मग काय! लोणावळ्याच्या रिसॉर्टमधून कुंड्या मागून आणल्या. गाडी धुतली, तिला हार घातला आणि सगळ्यांनी मिळून हौसेने दारासमोरच्या सपाट अंगणात आणून उभी केली.

*

समिती आली. अध्यक्षांनी आधी एसटीची चौकशी केली. बाकावर भाजे गावचे एक आबा बसले होते.

"आबा, एसटी वेळेवर येते का?"

"आज आली की! तुमी येनार म्हनून आली. तुमी रोज येत जा, रोज येईल!"

डॉक्टरांनी घाईघाईने सगळ्यांना वॉर्डात नेलं.

*

वॉर्डात पलंगांवर नव्याकोऱ्या चादरी. पेशंट मावशी मात्र खाली फरशीवर!

"मावशी, खाली का बसलात?"

"चादर चुरगळंल म्हनून डाक्टर म्हनले, बसा हितं. तुमी गेलं की झोपते!"

अध्यक्ष खो खो हसले. डॉक्टर घामाघूम.

*

तेवढ्यात लोहगडवाडीहून रिक्षा आली. आत सलमा, पहिलटकरीण, आणि तिची सासू हमीदाभाभी. बाळ आडवं होतं. सलमाला झोपवून, ऑक्सिजन लावून ताबडतोब तळेगावला हलवायला हवं होतं.

आम्ही तिला गाडीत घेतलं. दत्ताभाऊंनी चावी फिरवली. खर्रर्र... आणि गप्प!

"अहो, बघताय काय? ढकला!" मी ओरडले. समोर कोण उभं आहे, याचंही भान नव्हतं. अध्यक्षांनी बाह्या सरसावल्या, मागोमाग सगळी समिती! हार तुटला, कुंड्या आडव्या झाल्या आणि गाडी एकदाची सुरू झाली.

संध्याकाळी फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप! मी खुर्चीत बसून रडलेच. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढे नवी गाडीही मिळाली. हमीदाभाभी नातीला डोस द्यायला आल्या, तेव्हा गाडी दारातच उभी होती. त्यांनी तिला चारही बाजूंनी न्याहाळलं आणि हळहळल्या.

"सिस्टर, गाडी नवी आली, झाक झालं. पन ती ढकलनारी पांढऱ्या कपड्यातली मानसं काढून टाकली व्हय? लय कामाची व्हती!"