सुनंदाची वाटी

सकाळी नातवाला कुशीत घेतलं, तर त्याच्या मानेला दुधाचा कोमट, किंचित आंबूस वास येत होता. त्या वासासरशी मी मुलुंडच्या त्या प्रसूतिगृहात जाऊन पोचले.

माझी लेक दिवस भरायच्या आधीच जन्मली होती. तिच्या अंगात ओढायचं बळ नव्हतं आणि मलाही दूध उतरत नव्हतं. शेजारच्या खाटेवर माहुलची सुनंदा होती. तिचं बाळ आदल्या दिवशीच गेलं होतं, पण पान्हा थांबत नव्हता. दुपारी ती वाटीत स्वतःचं दूध काढून माझ्याजवळ आली.

"घे गं. डॉक्टरांना विचारलंय मी."

"अगं, पण तू..."

"माझं तर गेलं ना. तुझी तरी पिऊ दे."

मी चमच्यानं थेंब थेंब सोडू लागले. तेव्हा मला फक्त माझं बाळ दिसत होतं. सुनंदा काय देत होती, ते आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

लेकीचा इवलासा गळा हलला. सुनंदा श्वास रोखून वाकली होती.

"प्यायली गं!" ती म्हणाली, आणि रडता रडता हसली.