कापणीच्या सणाचा डबा

देहूरोडच्या चर्चमागच्या गल्लीत कुणाला ताप आला, कुणाचं काम सुटलं, हे पाळकसाहेबांच्या आधी सुमनताई साळव्यांना कळायचं. जन्मभर नर्स होत्या. नोकरी संपली तरी दारोदार विचारपूस करायची खोड काही सुटली नाही. रविवारी उपासनेनंतर मंडळीचं जेवण शिजलं, की गल्लीतल्या अडल्यानडल्यांचे डबे त्या स्वतः भरायच्या. "डबा पुढं, ताई मागं," असं चर्चचे राखणदार दौलतराव चिडवायचे.

त्यातला एक डबा ताहेराकडे जाई. तिचा नवरा शाहरुख निघोज्याच्या एका कारखान्यात होता. उजवा हात प्रेसमध्ये सापडला, तेव्हापासून घरीच. पहिल्या डब्याला ताहेरानं भीतभीत विचारलं होतं, "ताई, मटण मोईजभाईंच्या दुकानातलंच ना? म्हणजे... हलाल?"

"अगं, मला कळत नाही का? तुम्हांला चालेल तेच आणीन."

त्यानंतर ताहेरानं कधी विचारलं नाही.

कापणीच्या सणाला मात्र घोळ झाला. या सणाला लोक शेतातलं, परसातलं काहीबाही देवापुढं आणतात आणि मग त्याचा लिलाव होतो. यंदा कुणीतरी गावाकडून कोंबड्या आणल्या. त्यांना गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा दौलतरावांनी त्या मागच्या अंगणात कापल्या आणि पातेल्यात टाकल्या. सुमनताई डबे भरायला आल्या, तर बटाट्याची भाजी संपलेली. ताहेराचा डबा हातात घेऊन त्या थबकल्या.

"काय वो ताई, रस्सा कमी पडला व्हय?" दौलतरावांनी विचारलं.

"नाही हो. पुष्कळ आहे."

सणासुदीला आजाऱ्याकडे नुसता भात कसा न्यायचा? मंडळीची शोभा होईल. आणि त्यांना कुठं कळतंय? एवढं मनात आलं आणि त्यांनी रश्श्यात डाव बुडवला.

ताहेरानं ताट वाढलं. नवऱ्याला ती आपल्या हातानं भरवायची. "खा. ताईंनी आणलंय," ती म्हणाली. बिस्मिल्ला म्हणून शाहरुखनं पहिला घास घेतला. सुमनताई दारात उभ्या. दुसरा घास गेला. तिसरा त्याच्या ओठाशी आला, तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, "ताहेरा, थांब गं. ते मोईजकडचं नाही. चर्चमध्ये कापलेली कोंबडी आहे."

ताहेराचा हात तसाच राहिला. "तुम्हांला आत्ता कळलं का?"

खोटं बोलायला वाट मोकळी होती. सुमनताईंनी मान हलवली. "नाही. भरतानाच माहीत होतं."

तिनं घास ताटात ठेवला. शाहरुखनं चूळ भरली. तो कुणाकडं न बघता म्हणाला, "ताई, डबा तुमच्या हातचा होता. म्हणून विचारलं नाही."

चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पण ताहेरानं उलट बसायला पाट दिला, आणि तेवढं काही सुमनताईंना सोसवलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी नुसता वरण-भात नेला. ताहेरा नेहमीसारखी हसली. डबा घेतला. मग झाकणावर हात ठेवून हळूच म्हणाली, "ताई, राग मानू नका. हे कुठल्या पातेल्यात शिजलंय?"

कोंबडीचं पातेलं वेगळं होतं. सुमनताईंनी सगळं सांगितलं: पातेलं कुठलं, डाव कुठला, कुणी रांधलं. ताहेरानं झाकण उघडलं.

आता दर रविवारी, उंबऱ्यापाशी पोचताच, कुणी विचारायच्या आत सुमनताई सांगायला लागतात. मान मात्र खालीच असते.