बास्केटकडे पाठ

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुठेही ताठ मानेनं सांगते. त्या डिग्रीआधी किती घाबरले होते, ते फारसं सांगत नाही.

बारावीला टक्के कमी पडले. कॉलेजात शिरायला स्पोर्ट्स कोटा एवढाच रस्ता उरला, आणि त्यात बास्केटबॉल संघात सेंटरची, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची, एकच जागा. उंची माझ्याकडे होती. पण सेंटरने बास्केटकडे पाठ करून उभं राहायचं, मागून अडवणारीला रेटायचं, मग वळून चेंडू टाकायचा. मला पाठ करायचीच धास्ती. मागून कोण किती जोरात येणार, दिसतच नाही! त्यात माझे वडील, आण्णा, एपीएमसी मार्केटात माथाडी. जन्मभर पाठीवर पोती वाहिलेला माणूस मला एकच सांगायचा, "तू पाठीनं काम करू नगं." मी ते मैदानावरही खरं धरलं.

ट्रायलआधी पंधरा दिवस मी मोबाइलवर एकेका काळातले थोर सेंटर बघत बसले, आपल्या सोयीचा कोण ते शोधत. जुने लोक अंग आडवं धरून, हाताची कमान करून चेंडू डोक्यावरून सोडायचे. अडवणाऱ्याचा हात पोचायचाच नाही. नंतरचे खांदा एकीकडे दाखवून दुसरीकडून निसटायचे. मग आले धिप्पाड. फसवाफसवी नाही, ढकलत थेट रिंगखाली. आजचे मात्र बऱ्याचदा तोंड रिंगकडे करून लांबूनच मारतात. मी आजचे निवडले. वाटलं, सुटले.

ट्रायलला लांबून तीन मारले. तिन्ही बाहेर.

"ए ताडमाड, सेंटर आहेस ना? मग आत जा की!" ट्रायल घेणारे सर ओरडले.

आत गेले, पाठ केली. माझ्या मागे सारसोळे गावातली एक दणकट मुलगी. कंबरेत कोपर रुतवून म्हणाली, "ये गो, लाजतंस काय?"

तेवढ्यात मैदानाच्या जाळीपलीकडून आण्णांचा आवाज आला. कामावरून तसेच आले होते. खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं, ट्रकच्या फळीवर पोतं घेऊन वळणाऱ्याला ओरडावं तसे ओरडले, "आदी पाय रोव! मग वळ! दोनी उचललंस तर ग्येलीस!"

मी डावा पाय रोवला. तिचा सगळा भार माझ्या उजव्या खांद्यावर होता. दिसत नव्हतं, पण कळत होतं. उजवा खांदा जरा हलवला, ती तिकडे झुकली, मी डावीकडे वळले आणि जुन्या लोकांसारखी कमान करून चेंडू सोडला. गेला आत. पुढचा तिने अडवला. त्यानंतरचे दोन गेले.

संध्याकाळी यादीत माझं नाव होतं. पुढे तीन वर्षं खेळले. पाठ करायची धास्ती गेली नाही; दर वेळी आधी पाय रोवायचे, मग वळायचे.

त्या दिवशी घरी येताना आण्णांनी हळूच विचारलं, "पाठ दुखतीया का?"

"नाही," म्हटलं. दुखत होती.