लाल पट्ट्यांची झाडं

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून दक्षिण जर्मनीत पीएच.डी.साठी गेले. माझा विषय होता ओल्या जंगलात जमिनीलगत वाढणाऱ्या वनस्पती. जंगल फर आणि अ‍ॅस्पन या झाडांचं. फर काळसर आणि गंभीर, अ‍ॅस्पन मात्र जन्माचे चुळबुळे, वारा नसतानाही त्यांची पानं थरथरत. त्यांच्या विरळ सावलीत शेवाळ, नेचे आणि आपल्या आंबुशीची एक नाजूक बहीण वाढायची. तिचं पान पहिल्यांदा तोंडात टाकलं तेव्हा त्या आंबट चवीने घरची इतकी आठवण आली की मी तिथेच बसकण मारली. शिष्यवृत्ती संपायला एकच उन्हाळा उरला होता आणि माझं सगळं काम त्या सावलीतल्या एका तुकड्यावर उभं होतं.

हिवाळ्यात मी शहरातल्या प्रयोगशाळेत असायचे. माझ्यामागे अ‍ॅस्पनना कुणी हात लावू नये म्हणून त्या वर्षी जाण्याआधी मी एक जुनी लाल साडी फाडली आणि बुंध्यांना पट्ट्या बांधल्या. आपल्याकडे सूत गुंडाळलेल्या झाडाला कुऱ्हाड लावायची कुणाची छाती होत नाही. मला वाटलं, माणसं सगळीकडे सारखीच.

मे महिन्यात परत गेले तर जंगलाला भगदाड पडलेलं, खाली लख्ख ऊन. लाकूडतोड्यांचा मुकादम कौतुकाची वाट पाहत उभा होता.

"गेनाऊ, अगदी तंतोतंत, फ्रॉयलाइन! तुम्ही खुणा केलेली सगळी पाडली. एक सोडलं नाही."

तिथे बुंध्यावर लाल पट्टी म्हणजे 'हे झाड पाडा'. त्यातून अ‍ॅस्पन म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ तण. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! त्याच्यावर खेकसावंसं फार वाटलं, पण बिचाऱ्याने काम चोख केलं होतं. मी 'डांके' म्हणून आभार मानले.

जूनभर मी ओढ्यातून बादल्या आणून ओतल्या. दुपारपर्यंत सगळं पुन्हा कोरडं. आंबुशीची बहीण उन्हात पानं मिटून घ्यायची, शेवाळ कडांनी पांढुरकं होऊन बोटाखाली चुरायचं. तोडलेल्या अ‍ॅस्पनच्या मुळांतून नवे कोंब फुटले होते, पण वीतभर कोंबांची सावली ती केवढी?

एका दुपारी माझे प्राध्यापक पाहायला आले.

"आल्झो, तर मग विषय बदला," ते म्हणाले. "आधी काय मरतं, मग काय मरतं, ते क्रमाने नोंदवा. पदवी नक्की मिळेल."

ते मला मदतच करत होते, तरी संताप आला. ज्यांना जगताना बघायला मी इतक्या लांब आले, त्यांच्या मरणाच्या नोंदी करायच्या? हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. निघताना, मी उन्हात बसलेली पाहून, त्यांनी आपली छत्री माझ्या हातात दिली.

ते गेल्यावर मी ती उघडली आणि शेवाळावर धरली. ताटाएवढी सावली पडली. ऊन सरकेल तशी मीही सरकत होते. एक हात भरून आला, मग दुसरा. मग मी छत्री मिटली आणि पेन्सिल काढली.