काटा लालवर का जायचा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढेसुद्धा नीट असं नाही — त्याला माहीत असणारच, पुन्हा कशाला बोलायचं, अशी आपली माझी सोय. तर ऐका. आमच्या गाडीच्या रेडिएटरला भोक मी पाडलं होतं. स्वेटर विणायच्या सुईनं. मुलुंडमध्ये स्वेटर घालण्याइतकी थंडी कधी पडते? पण तेव्हाच्या त्या बाईकडे, म्हणजे माझ्याकडे, सुया होत्या. यावरूनच ती काय चीज होती ते ओळखा.

आता भोक पाडलं हा नुसता येडेपणा. त्याला तुम्ही हसा, मीही हसते. मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं आहे, आणि तिथवर जायला मी जरा लांबचा रस्ता घेणार. घेऊ द्या.

गाडी सेकंडहँड होती. छोटी, पांढरी, बिनएसीची. आमचे हे गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले. मुलुंडला फ्लॅट घेतला तेव्हा जेवढे पेढे वाटले नाहीत तेवढे गाडीचे वाटले. दसऱ्याला मी तिला हार घातला. लोक झेंडूची एखादी माळ बांधतात. मी जाडजूड माळा बांधल्या, मधे आंब्याची पानं ओवून, पुढच्या जाळीवर गच्च. हे म्हणाले, "अगं, तिथून इंजिनाला हवा जाते, काचेपाशी बांध." पण काचेपाशी बांधलेला हार समोरच्या बिल्डिंगमधून दिसला असता का? मग?

त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांकडे सोनं वाटत आम्ही घाटकोपरपर्यंत फिरलो. हाराच्या पाकळ्या आत ओढल्या गेल्या आणि रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसल्या. रेडिएटर म्हणजे इंजिनातलं तापलेलं पाणी जिथे वाऱ्यावर निवतं, ती पुढची चपटी पेटी. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की आत पिवळी घाण अडकली आहे. आणि बॉनेट उघडायची मला भारी हौस. लहानपणी आईचं शिलाई मशीन खोलून ठेवल्याबद्दल मार खाल्लेली मी, मला गाडीचं पोट उघडं मिळालं तर मी गप्प बसेन?

हे ऑफिसात होते. मी सुई घेतली आणि एकेक पाकळी टोकरून काढायला लागले. मजा येत होती हो — कानातला मळ काढताना येते तशी. आणि एक पाकळी काही निघेना म्हणून सुई जरा आत दाबली. हिरवा थेंब आला. मी काय केलं? पदरानं पुसला. मग पदराचा वास घेतला. गोडूस होता. चाखला मात्र नाही, तेवढी एक अक्कल शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी गाडीखाली ओल. तिसऱ्या दिवशीही. सांगितलं का? छे. मी उपाय काढला. सकाळी दूध आणायला खाली जायचे तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली ठेवायची. बॉनेट वर करायचं, रेडिएटरचं झाकण फिरवायचं, काठोकाठ भरायचं, दूध घेऊन वर. ह्यांचं ऑफिस भांडुपला, तेवढ्या अंतराला पाणी पुरायचं. वॉचमनला वाटायचं बाई गाडीची पूजा करतात. मला स्वतःला तर मी फार हुशार वाटायचे.

इथे आता सुधाकर येतो. माझा धाकटा दीर. माझं लग्न झालं तेव्हा शाळेत होता, माझ्या हातचं जेवून मोठा झालेला, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. तेव्हा त्याचा कारखाना बंद पडला होता. बायको, लहान मुलगी, भांडुपला एक खोली. आणि ह्यांच्या साहेबांना ड्रायव्हर हवा होता. कायमची नोकरी, घरच्यासारखी माणसं. ह्यांनी शब्द टाकला होता, भेट ठरायची तेवढी बाकी होती.

त्या रविवारी सुधा आमची गाडी घेऊन त्याच्या सासरच्या माणसांना गोराईला फिरवायला निघाला, भाईंदरवरून, रस्त्यानं. पहाटेच निघाला. आणि मी झोपलेली.

भाईंदर सोडल्यावर इंजिनाच्या तापमानाचा काटा लालवर गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. त्यानं गाडी थांबवली, थंड होऊ दिली, एका कोळणीच्या दारातून पाणी मागून आणलं आणि सगळ्यांना सुखरूप परत आणलं. हे त्याच्यावर उखडले. पाणी न बघता गाडी काढलीस? सुधा म्हणाला, "दादा, काल संध्याकाळी बघितलं होतं. भरलेलं होतं."

"भरलेलं होतं तर गेलं कुठं? तू प्यायलास?"

भरलेलं होतंच. शनिवारी गाडी जागची हलली नव्हती, आणि सकाळी मी भरलं होतं ना. हसू नका — किंवा हसा, मीही तेव्हा तोंडात पदर कोंबून हसले होते. हसू थांबलं ते ह्यांच्या पुढच्या वाक्यावर. "गाडीत नक्की काय बिघडलंय ते कळू दे. तोवर साहेबांकडे जायचं थांबू. घरची गाडी तापवणाऱ्याला मी त्यांच्या गाडीवर कसा बसवू?"

म्हणजे बिघडली होती गाडी, पण तपासणी चालली होती सुधाची. हे मला कळलं होतं. चांगलं कळलं होतं.

गॅरेजवाले रफिकभाई आमच्या पार्किंगमध्ये सकाळी यायचे. झाकण उघडून म्हणायचे, "पानी तो फुल है भाभी, पानी का लफडा नहीं." फुल असणारच, मी त्यांच्याआधी अर्धा तास येऊन गेलेली असायचे. मग पाणी सोडून बाकी सगळं शोधणं आलं. पंखा बघितला, फिरत होता. पट्टा बदलला. मग ते म्हणाले थर्मोस्टॅट गेला असेल. मी विचारलं तो काय असतो. लिंबाएवढी धातूची झडप असते, पाणी तापलं की आपोआप उघडते आणि त्याला रेडिएटरकडे सोडते. आपोआप? कोण उघडतं? त्यांनी जुना काढून माझ्या हातावर ठेवला. "लो भाभी, देखो."

मी तो घरी आणला आणि चहाच्या पातेल्यात उकळत ठेवला. खरंच सांगते, मी स्वतःच्या लग्नातही इतकी अधीर झाले नव्हते. पाणी कोमट झालं, काही नाही. बुडबुडे आले, काही नाही. आणि मग ती झडप हळूच, कुणी हात न लावता, शिंपल्यासारखी उघडली. मी गॅस बंद केला. पाणी निवलं तशी ती मिटली. पुन्हा गॅस लावला. पुन्हा उघडली. आमटी राहिली बाजूला, मी हेच करत बसले.

आणि मग माझ्या डोक्यात आलं, की हा बिचारा तर ठणठणीत आहे. ह्याला काढून टाकलं, नवा बसवला, आणि ह्याचा काही दोष नव्हता. पातेल्याजवळ एकटी उभी राहून मला ते इतकं स्वच्छ दिसलं. तरी मी काय केलं? पातेलं घासलं, त्यात चहा टाकला.

नवा थर्मोस्टॅट घालून हे नाशिक रस्त्यानं चक्कर मारून आले. काटा पुन्हा लाल. मला वाटलं आता तरी सुधा सुटला, ह्यांच्या हातूनही तापलीच की. पण ह्यांचं म्हणणं, त्यानं एकदा इंजिन उकळवलं म्हणून आता ते सारखं उकळतंय. ह्यावर बोलायचं तर मला सगळंच बोलावं लागलं असतं.

शेवटी रफिकभाईंनी रेडिएटर काढला, तोंडं बंद करून पाण्याच्या टाकीत बुडवला आणि आत हवा सोडली. एका जागेवरून बुडबुड्यांची बारीक रेघ वर आली. मी शेजारीच उभी होते. त्यांनी बोट ठेवलं. "पत्थर लगा है. कच्चे रोड पे चलाया क्या किधर?"

हे म्हणाले, "गोराई."

झालं. तिथेच निकाल लागला.

मी घाबरले कशाला, असं तुम्ही विचाराल. ह्यांनी आयुष्यात माझ्यावर हात उगारला नाही. मारतील, ओरडतील, असलं काही नव्हतं. मला भीती होती हसण्याची. प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत हे ती गोष्ट सांगणार — आमच्या हिनं गाडीला सुईनं टोचलं, आणि वर पदरानं पुसलं. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकांपर्यंत जाणार. एवढंच. लोक हसतील, एवढ्यासाठी मी एका माणसाची नोकरी जाऊ दिली. आता बघा, मी स्वतःच सांगते आहे, आणि तुम्ही मघाशी हसलातसुद्धा. काय झालं मला? काही नाही.

नोकरी साहेबांनी दुसऱ्याला दिली. सुधाला कुर्ल्याला एका गोदामात माल चढवायचं काम मिळालं. बरीच वर्षं त्यानं ते केलं, कंबर गेली तेव्हा गावी निघून गेला. ह्यांना जाऊनही आता काळ लोटला, आणि हे गेले ते भाऊ हलगर्जी आहे असं मानूनच गेले. नातीच्या गाडीत हल्ली सगळं पडद्यावर दिसतं, काय तापलं, काय संपलं. मी बघत बसते. ती म्हणते, आजी, तुला काय कळतं गं त्यातलं.

गोदामात कामाला लागायच्या पहिल्या दिवशी सुधा सकाळी पाया पडायला आला होता. आमच्यात तशी पद्धत. ह्यांच्या पाया पडला, हे आंघोळीला गेले. मग तो माझ्यासमोर वाकला. मी डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला — दिला, हो. तो उठला, चपला घातल्या, आणि दाराशी उभा राहून नेहमीच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, आता रेडिएटर नवा बसलाय. सकाळी बाटली घेऊन खाली नको जात जाऊस. आपला जिना ओला असतो, उगाच पाय घसरायचा तुझा."