दोन रायफली आणि एक खांदा

तुमच्या आजोबांना दोन रायफलींपैकी एक निवडायला जितका वेळ लागला, तितक्या वेळात आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीतलं हे घर पाहून, घेऊन, त्यात राहायलाही आलो होतो. पूर्ण उन्हाळा त्यात गेला. मी थकले. पण शेवटी काय झालं ते तुम्हाला नीट कळावं म्हणून लिहिते आहे, कारण फोनवर त्यातलं अर्धंच तुमच्या कानावर आलं आहे.

आजोबा दर नोव्हेंबरला शेजारच्या काकांबरोबर उत्तरेला त्यांच्या केबिनवर हरणाच्या शिकारीला जातात, हे तुम्हाला माहीत आहे. बर्फात बसून थर्मासमधला चहा पिणं, हीच त्यातली बरीचशी शिकार. कधी हरीण मिळतं, मग मी ते कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवते. बहुतेक वर्षी मिळत नाही आणि माझे श्रम वाचतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, शिकारीला जा, पण खांद्याला बंदुकीचा धक्का बसू देऊ नका. जुनी रायफल फार जोरात लाथ मारायची. आजोबांनी डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ ‘नवीन रायफल घ्या’ असा लावला.

दुकानात दोन त्यांच्या मनात भरल्या. दोन्ही बोल्टच्या, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने दांडी मागे ओढून पुढे ढकलायची. दोन्ही उत्तम आणि सारख्याच महाग, त्यामुळे किमतीवरून निकाल लागण्याची सोय नव्हती. एकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा भाग, अक्रोडाच्या लाकडाचा, वजनाला भारी. दुसरी कार्बनची, इतकी हलकी की मीसुद्धा एका हाताने उचलली. मला वाटलं, संपलं, हलकी घ्या आणि घरी चला.

“अगं, हलकी असली की धक्का जास्त,” आजोबा म्हणाले. “वजन धक्का खातं.”

“मग भारी घ्या.”

“ती खांद्याला नीट लागत नाही. दस्ता लांब आहे.”

दुकानदाराने तिथल्या तिथे उपाय सांगितला. लाकूड मागून थोडं कापायचं आणि टोकाचं रबर परत बसवायचं. रोजचं काम आहे, म्हणाला. आजोबा त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू काही त्याने त्यांचाच हात कापायची गोष्ट काढली होती.

गाडीत मी विचारलं, “का नाही कापायचं?”

“आपल्यानंतर ती त्याला जाईल. तो सहा फुटी आहे. त्याला तोकडी पडेल.”

‘तो’ म्हणजे तुमच्यातला थोरला, तिकडे कॅलिफोर्नियात सनीव्हेलमध्ये राहतो तो. त्याने आयुष्यात हातात बंदूक धरली नव्हती. पण आजोबांच्या पिढीला हे सांगून उपयोग नाही. आमच्याकडे वस्तू घ्यायची ती वाढत्या अंगाची. शाळेचा शर्ट दोन वर्षं पुढचा, बुटाच्या टोकात कापूस, फ्रॉकला आत दुमडलेली पट्टी. अंग वाढेपर्यंत वस्तूने थांबायचं, किंवा माणसाने. इथे माणूस पंचाहत्तरीला आला होता आणि स्वतःच्या रायफलीसाठी नातवाच्या मापाने थांबायला तयार होता.

मग हलकीचा विचार सुरू झाला. शेजारच्या काकांकडे तशीच आहे. त्यांनी नेमबाजीच्या मैदानावर नेऊन आजोबांना चार गोळ्या झाडायला दिल्या. घरी आले तेव्हा शर्ट काढवेना. खांदा जांभळा झाला होता. मी आंबेहळद उगाळून लेप लावला.

“किती दुखतंय?”

“दुखत नाही.”

“मग हात वर करा.”

“आत्ता कशाला?”

शेजारचे काका दारात उभे होते. आमचं मराठी त्यांना कळत नाही, पण नवरा-बायकोचं भांडण कळतं. ते हळूच निघून गेले.

त्यानंतर जेवताना रोज तेच. लांब दस्त्याची घेतली तर मान ताणून रायफलीवरच्या दुर्बिणीत बघावं लागतं. हलकी घेतली तर खांदा जातो. कापली तर नातवाची जाते. एकही घेतली नाही तर नोव्हेंबर जातो, आणि या वयात पुढच्या नोव्हेंबरची खात्री कोण देतं, हे ते बोलत नव्हते, पण भात कालवताना हात थांबला की मला कळायचं. एके दिवशी मी म्हटलं, “अहो, ज्याच्यासाठी ठेवता आहात त्याला एकदा विचारा तरी.”

“विचारायचं काय त्यात?”

तरी रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारलं. सरळ नाही. आधी हवा, मग गाडी, मग ऑफिस. मग म्हणाले, “अक्रोडाची आहे, बरं का. जन्मभर टिकेल. माझ्यानंतर तुला.”

थोरला म्हणाला, “आजोबा, थँक यू, पण नको. रिअली. मला हरीण मारायचं नाही. आणि अपार्टमेंटमध्ये ती ठेवू कुठे, फ्रिजमध्ये?”

“आत्ता नको रे. पुढे कधी.”

“पुढेपण नको, आजोबा.” मग घाईने, “तुम्ही तुमच्या साइझची घ्या ना, यार.”

आजोबांना यार म्हणतो! मी रागवायच्या बेतात होते. पण आजोबा हसले, “बरं, बरं” म्हणाले आणि फोन माझ्याकडे देऊन बाहेर अंगणात गेले. मी खिडकीतून बघितलं. गवताला पाणी देत होते. सकाळीच दिलं होतं.

त्याच संध्याकाळी थोरल्याचा मला मेसेज आला, ‘इज ही मॅड?’ म्हणजे, आजोबा रागावलेत का. मी उत्तर दिलं नाही, कारण मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर आजोबा म्हणाले, “चल, दुकानात जाऊन येऊ.” मी खरं तर आडवी होणार होते. गेले.

दुकानदाराने अक्रोडाची रायफल त्यांच्या हातात दिली, कोपराच्या वाकात दस्ता धरून माप घेतलं, पेन्सिलीने रेघ मारली. “एवढं? नक्की? एकदा कापलं की परत जोडता येत नाही.”

आजोबा रेघेकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पुन्हा ‘विचार करतो’ म्हणणार आणि मला अजून एक महिना हेच जेवावं लागणार. ते म्हणाले, “कापा.” मग माझ्याकडे वळून मराठीत, “तो नाही म्हणाला ते बरंच झालं. नाहीतर मी कधी कापली नसती.”

आठवड्याने रायफल आली. दुकानातच त्यांनी ती खांद्याला लावली. मान ताणली नाही, वाकवली नाही, डोळा आपोआप दुर्बिणीमागे आला. बोल्ट मागे घेतला, पुढे ढकलला. दुकानदार बिल करायला थांबला होता, तरी ते तसेच उभे राहिले. मी भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि बसले, आणि थोरल्याला मेसेज केला, ‘नाही, ते रागावलेले नाहीत.’