पिंपळीतलं लॉर्डांचं सभागृह

एम.फिल.साठी मी जो विषय घेतला, तो ऐकून आमच्या पिंपळीत कुणालाही आनंद झाला नाही. विषय होता, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या लॉर्डांच्या सभागृहाचं रोजचं कामकाज. पुण्यातल्या माझ्या सरांनी तो सुचवला, कारण आपल्याकडे त्यावर कुणी काम केलेलं नव्हतं. का केलेलं नव्हतं, ते झेरॉक्सचा पहिला गठ्ठा वाचल्यावर मला कळलं. प्रार्थना झाली. अमुक बिशप हजर. तमुक अर्ल, म्हणजे उमराव, आजारी, सबब गैरहजेरी माफ. एक विधेयक पहिल्यांदा वाचलं. सभा उद्या सकाळपर्यंत तहकूब. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रार्थना, पुन्हा तोच अर्ल आजारी. भांडण कुणाचं झालं, कुणी कुणाला झापलं, ते लिहायचंच नाही असा तिथल्या कारकुनांनी पण केला होता. असल्या लोकांचा मला भयंकर राग येतो. पण सर म्हणाले, वाच, म्हणून वाचत राहिले.

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. बारामतीच्या एका कॉलेजात मी तासांवर इतिहास शिकवायचे आणि एसटीनं ये-जा करायचे. सकाळी आई भाकरी थापत असायची, तेव्हा तिच्याजवळ बसून मी आदल्या दिवशीचं कामकाज मराठीत करून तिला वाचून दाखवायचे. दुसरं कुणी ऐकायला तयार नव्हतं. आईला तो आजारी अर्ल फार आवडायचा. "आजबी आला न्हाय का त्यो?" ती विचारायची. "काय खातोय तरी काय मेला?"

शेजारच्या तात्यांनी आईला विचारलं, पोरगी एवढं काय वाचते? आई म्हणाली, "इंग्लंडच्या वरच्या सभागृहाचं काम हाय तिच्याकडं." तात्यांना वरचं सभागृह म्हणजे विधान परिषद एवढं माहीत होतं. आठवडाभरात एक शिक्षक बदलीसाठी शब्द टाका म्हणून आमच्या दारात आले. जाताना मला वाकून नमस्कार करून गेले. मी त्यांना खरं काय ते सांगितलं होतं, पण त्यांना तो माझा विनय वाटला.

अशात इंदापूरचं स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत, इंदापुरात स्वतःचं घर, माणसं आमच्यासारखीच, दोन पिढ्या शिकलेली. आढेवेढे न घेता त्यांनी एकच अट सांगितली. कॉलेज आणि ते इंग्लंडचं काय ते लग्नाआधी बंद. रविवारी निरोप द्या म्हणाले. मुलगा वाईट नव्हता. मला चिडायला तोही आधार दिला नाही त्यानं. पण माझं एम.फिल. अर्ध्यावर होतं, आणि ते सोडलं असतं तर मी जन्मभर कुणाशी तरी भांडत बसले असते, बहुधा त्याच्याशीच.

आमच्याकडे असे प्रश्न बैठकीत सुटायचे. बैठक म्हणजे माझे थोरले चुलते, आबा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, नियमाचे पक्के, आयुष्यभर शेतकऱ्यांना पाण्याच्या पाळ्या लावून दिलेला माणूस. ते आधी बोलायचे. मग माझे वडील म्हणायचे, "आबा म्हणत्यात ते बरोबर हाय." वडील शाळेत मास्तर होते, वर्गात त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा, आबांसमोर तो घशातच बसायचा. त्यानंतर धाकटे काका "व्हय, व्हय" म्हणायचे. बायका आत चहा करायच्या. आणि आबांना इंदापूरचं स्थळ पसंत होतं, हे घरातल्या मांजरालाही कळलेलं होतं.

मला शनिवारी रात्री झोप लागली नाही. पहाटे मात्र उपाय सापडला, आणि तो त्या रुक्ष गठ्ठ्यातच होता. लॉर्डांच्या सभागृहात मत द्यायची रीत उलटी होती. सगळ्यांत धाकट्या लॉर्डानं आधी उठायचं, डोक्यावरची टोपी काढायची आणि एक शब्द बोलायचा. समाधानी, म्हणजे मान्य, किंवा असमाधानी, म्हणजे अमान्य. मग त्याच्याहून थोरला. सगळ्यांत थोरला शेवटी. म्हणजे मोठ्याचं तोंड बघून कुणी मत बदलायला नको.

मी आबांकडे गेले. "आबा, एवढा मोठा निर्णय, तर पद्धतशीर घेऊ," म्हटलं. पद्धतशीर हा शब्द आबांना चहापेक्षा प्रिय होता. मी लॉर्डांचा नियम सांगितला. आबांनी एकच शंका काढली. "अध्यक्ष कुठं बसायचा?"

"लोकरीच्या पोत्यावर."

"पोत्यावर?"

"मोठ्या मानाची जागा होती ती."

आबांनी गव्हाचं पोतं माजघरात आणायला लावलं, त्यावर घोंगडी टाकली आणि बसून पाहिलं. पाय जमिनीला टेकत नव्हते. तरी चेहऱ्यावर तेज आलं. दुसरी शंका बायकांची. "बायकाबी बसायच्या?" मी सांगितलं, तिथं लांब झगे घालणारे बिशपसुद्धा बसायचे. हे उत्तर तोंडी परीक्षेत चाललं नसतं, पण आबांनी ते मान्य केलं.

माझा हिशेब सोपा होता. क्रम वयाचा नव्हता, घरात कोण कधी आलं त्याचा होता; बायका लग्न होऊन नंतर आलेल्या, म्हणून आधी त्या बोलणार. आबांची बायको, म्हणजे मोठी काकू, आणि आई, दोघींनी मला खासगीत सांगितलं होतं की पोरी, तू शिक. इंदापूरच्या स्थळावर दोन असमाधानी आधीच पडले की वडिलांना धीर येईल.

रविवारी जेवणं झाल्यावर सगळे जमले. त्रिशरण-पंचशील झालं, तिथंही कामकाज प्रार्थनेनंच सुरू व्हायचं म्हणून आबा खूश. मग मी कुठं बसायचं असा प्रश्न निघाला. मी सांगितलं, "मी सभासद नाही. मी विधेयक आहे." ज्याचा प्रश्न असेल त्यानं कठड्याबाहेर उभं राहायचं, असा नियम होता. आमच्याकडे कठडा नव्हता, म्हणून मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. प्रश्न विचारायचं कामही माझंच.

"सगळ्यांत धाकटं कोण?" मी विचारलं.

आईनं पदर सावरला. मोठी काकू आणि आई, दोघींची लग्नं एकाच दिवशी, एकाच मांडवात झालेली. मोठ्या काकूनं त्या दिवसापासून थोरलेपणाचा मान सोडला नव्हता. हळदी, पानसुपारी, नव्या सुनेनं पाया पडायची रांग, सगळीकडे आधी ती. आई कधी बोलली नाही. पण धाकट्यानं आधी बोलायचं हे ऐकल्यावर मोठी काकू ताडकन उठली.

"धाकटी मी!"

"तुमी?" आई म्हणाली.

"मग? लग्नाच्या दिशी एसटी स्टँडवर माझी चप्पल तुटली. मी मागं ऱ्हायले. घरात पाऊल आधी हिनं टाकलं. मी नंतर आले. मंजी मी धाकटी."

आबा पोत्यावरून म्हणाले, "अगं, पर नवऱ्याच्या वयावरनं..."

"नवऱ्याच्या वयावरनं कसं? घरात कोण कवा आलं त्यावरनं ठरतंय, पोरीनं सांगितलंय. व्हय का न्हाय गं?"

खरंच तसं होतं. लॉर्डपद कधी मिळालं त्यावरून क्रम लागायचा, आणि त्यावरून तिकडंही भांडणं व्हायची. पण तिकडं सगळे थोरले व्हायला भांडत होते. चप्पल कुठल्या स्टँडवर तुटली, बारामतीच्या की भिगवणच्या, मोठी काकू आली तेव्हा मापटं ओलांडायचं राहिलं होतं की झालं होतं, यावर पाऊण तास वाद झाला. धाकटे काका तर त्या वेळी पाळण्यात होते, तरी त्यांना सगळं आठवत होतं. शेवटी आबांनी निकाल दिला. मोठी काकू धाकटी.

काकू उठली. आयुष्यात पहिल्यांदा ती आबांच्या आधी बोलणार होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, घसा खाकरला. मी रीतसर विचारलं, "समाधानी का असमाधानी?"

काकूनं आबांकडं पाहिलं. मग छाती पुढं काढून म्हणाली, "समाधानी! मला काय कमी हाय हितं?" आणि बसली.

माझं धाबं दणाणलं. मी खुणेनं सांगायचा प्रयत्न केला, पण ती माझ्याकडं बघतच नव्हती. भरल्या घरात, नवरा समोर बसलेला असताना, समाधानी का असं विचारल्यावर चांगल्या घरची बाई दुसरं काय सांगणार? शब्द मीच निवडला होता. आबा हसले आणि म्हणाले, "फुडं."

आई उठली.

"समाधानी का असमाधानी?" माझा आवाज आता कारकुनासारखा राहिला नव्हता.

आई माझ्याकडंच बघत राहिली. तिला प्रश्न कळला नाही असं वाटून वडील हळूच म्हणाले, "अगं, इंदापूरचं..."

"कळलंय मला," आई म्हणाली. "असमाधानी."

"कशापाई?" आबांनी विचारलं. अध्यक्षानं विचारायचं नसतं, पण मी अडवलं नाही.

"माझी बैठक म्हायेरी, नरसिंहपुरात झाली. तुमी हुता की आबा. मी आत हुते. सातवीची परीक्षा आठ दिसांवर आलेली. आतल्या आत धडे म्हनत हुते. भाईरनं सांगितलं, च्या कर, आन् साखर जास्ती टाक. साखर जास्ती म्हनल्यावर मला कळलं, माझं ठरलं. तवापास्नं मला ह्ये कुणी इचारलं नव्हतं. आज लेकीनं इचारलं, म्हनून सांगितलं."

ती खाली बसली. मला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती, कारण मी तिला हे विचारलेलं नव्हतं. मी फक्त नियम वाचला होता.

खरं तर पाळी धाकट्या काकांची होती, पण वडील आधीच उठले. एरवी ते आबांकडं बघायचे, आज आईकडं बघत राहिले. मग टोपी काढली आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "असमाधानी!" बाहेर तात्यांचं कुत्रं भुंकलं.

धाकटे काका उठले. त्यांची बायको माहेरी बाळंतपणाला गेलेली. "माझं समाधानी," ते म्हणाले. "हिचं असमाधानी."

"एका तोंडानं दोन?" आबा चिडले.

मी सांगितलं, गैरहजर लॉर्डाला आपलं मत दुसऱ्याजवळ ठेवता यायचं. "मंग?" काका म्हणाले. "पणदऱ्याच्या डेअरीत, माझ्या कामावर, फोन केला हुता तिनं. शिकू द्या म्हनली. न्हाय सांगितलं तर ती बाळ घिऊन यायची न्हाय."

आबा राहिले. पोत्यावरून ते जपून खाली उतरले. आईकडं एकदा पाहिलं आणि टोपी काढून हातात धरली. त्यांचं टक्कल मी त्याआधी नीट पाहिलं नव्हतं.

"असमाधानी," ते म्हणाले. "इंदापूरला कळवा, पोरगी शिकतीया. थांबायचं असंल तर थांबा म्हनावं." इंदापूरचे थांबले नाहीत. त्यांनी दिवाळीच्या आत दुसरी मुलगी केली आणि मी एम.फिल. केलं.

पण त्या दिवशी सभा लगेच उठली नाही. पोतं आत न्यायला काका वाकले, तर आबा तिथंच उभे, टोपी हातातच. ते मोठ्या काकूकडं वळले. एवढ्या वर्षांत त्यांना तिच्याशी इतक्या हळू बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"तू खरंच समाधानी हायेस का गं?"

काकू कपबशा गोळा करत होती. ती वर न बघता म्हणाली, "एकदा सांगितलंय सगळ्यांफुडं. आता परत इचारू नगा. दुसऱ्यांदा जमायचं न्हाय मला."